‘संथ’, ‘दमदार’, ‘नेत्रसुखद’ यांच्या पलीकडे: जुन्या-नव्या सिनेमांवर लिहिण्याची रीत

‘कथा थोडी संथ, अभिनय दमदार, छायाचित्रण नेत्रसुखद, उत्तरार्ध किंचित लांबलेला.’ हे वाक्य कुठल्याही सिनेमाला लावून बघा, बसतं. १९३७च्या ‘कुंकू’ला बसतं, २०१४च्या ‘कोर्ट’ला बसतं आणि येत्या शुक्रवारी लागणाऱ्या सिनेमालाही तो न बघता चिकटवता येतं. म्हणून परीक्षणातल्या प्रत्येक वाक्याला पहिली कसोटी हीच लावा: सिनेमाचं नाव बदलूनही वाक्य जसंच्या तसं उभं राहत असेल तर ते खोडायचं. मत ठाम असू द्या, कडवट असलं तरी चालेल, पण त्याच्या खाली एक तरी दृश्य हवं, जे वाचक स्वतः लावून तपासू शकेल.

ही रीत जुन्या आणि नव्या दोन्ही सिनेमांना चालते. जुन्या सिनेमाला मात्र लिहायला बसण्याआधीची मेहनत जास्त लागते, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

आधी प्रत तपासा

जुन्या सिनेमांवरची निम्मी चुकीची मतं सिनेमाबद्दल नसतातच, ती वाईट प्रतीबद्दल असतात. दृश्य मध्येच तुटलं, गाण्याचं कडवं गायब झालं, एखादं पात्र अचानक दुसऱ्या गावात दिसलं की परीक्षणात ‘संकलन विस्कळीत’ असं येतं. प्रत्यक्षात रीळ तुटलेलं असतं, किंवा कुणीतरी वेळ वाचवायला गाणी कापलेली असतात. तेव्हा सर्वांत आधी लांबी ताडून पाहा. सुरुवातीला दिसणाऱ्या सेन्सॉर प्रमाणपत्रावर पूर्वी लांबी मीटरमध्ये किंवा फुटांत असे. ३५ मिलिमीटरची फिल्म सेकंदाला २४ चौकटींनी (फ्रेम्सनी) चालते, म्हणजे मिनिटाला ९० फूट, सुमारे २७.४ मीटर. हजार फुटांचं एक रीळ साधारण ११ मिनिटांचं. प्रमाणपत्रावर ४,००० मीटर असेल तर सिनेमा १४६ मिनिटांच्या आसपास भरायला हवा. तुमच्यापुढची प्रत १२० मिनिटांची असेल तर २६ मिनिटं कुठे गेली ते शोधल्याशिवाय पटकथेवर एक शब्दही लिहू नका.

फरक थोडाच असेल तर आणखी एक कारण तपासा. जुन्या डीव्हीडी आणि दूरचित्रवाणीच्या प्रती पुष्कळदा सेकंदाला २५ चौकटींनी उतरवलेल्या असतात. मग दोन तासांचा सिनेमा ११५ मिनिटांत संपतो आणि आवाज किंचित चढा लागतो. गायिकेचा स्वर टिपेचा वाटतो, संवाद घाईचे वाटतात. यात ना गायिकेचा दोष, ना दिग्दर्शकाचा. मूकपटांत हाच प्रकार जास्त ठळक दिसतो. सेकंदाला १६ ते १८ चौकटींनी टिपलेलं चित्र २४च्या वेगाने दाखवलं की माणसं तुरुतुरु चालू लागतात. फाळक्यांच्या काळातला अभिनय ‘हास्यास्पद’ ठरवण्याआधी हे गणित आठवा.

मग चौकटीचा आकार बघा. पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंतचे जवळपास सगळे सिनेमे चौरसाकडे झुकणाऱ्या, चारास तीन प्रमाणाच्या चौकटीत आहेत. आजच्या रुंद पडद्यावर ते ताणून बसवले की चेहरे सुजल्यासारखे दिसतात, आणि वरून-खालून कापून बसवले की पाव चित्र नाहीसं होतं: डोकी छाटली जातात, पाय दिसत नाहीत. ओळखायची सोपी खूण म्हणजे पडद्यावरची एखादी गोल वस्तू थांबवून बघायची. बैलगाडीचं चाक, जेवणाचं ताट, भिंतीवरच्या घड्याळाची तबकडी. ती लंबगोल दिसत असेल तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन मूळ प्रमाण लावा. तिथेच असाल तर हालचाल ‘गुळगुळीत’ करणारी सोयही (मोशन स्मूदिंग) बंद करा. तिच्यामुळे प्रत्येक सिनेमा मालिकेसारखा दिसतो आणि मग प्रकाशयोजना सपाट असल्याची चुकीची तक्रार लिहिली जाते.

शेवटी, कोणती आवृत्ती हे नक्की करा. प्रभातचे अनेक सिनेमे मराठी आणि हिंदी असे दोन्ही भाषांत बनले. ‘कुंकू’ आणि ‘दुनिया न माने’, ‘माणूस’ आणि ‘आदमी’ या जोड्या वेगळ्या आहेत, एक म्हणजे दुसऱ्याचं डबिंग नव्हे. ‘मुगल-ए-आझम’ १९६०मध्ये बहुतांश कृष्णधवल होता आणि शीशमहालाच्या प्रसंगात रंगीत झाला. २००४च्या आवृत्तीत सगळाच रंगीत केला. ती आवृत्ती पाहणाऱ्याला रंग उमलण्याचा मूळ धक्का मिळूच शकत नाही. ‘शोले’च्या १९७५च्या प्रदर्शित प्रतीत शेवटी पोलीस येतात, मूळ चित्रित शेवटात ठाकूर गब्बरला मारतो. कोणता शेवट पाहिला हे न सांगता ठाकूरच्या सूडाबद्दल लिहिलेला परिच्छेद वाचकाला फसवतो. परीक्षणाच्या शेवटी एक ओळ पुरते: कोणती प्रत, किती मिनिटांची, कुठे पाहिली.

पाहताना काय टिपायचं

थिएटरात मोबाइल काढू नका. त्याचा उजेड शेजाऱ्याला टोचतो आणि तुमचे डोळेही अंधारातून बाहेर येतात. खिशात मावणारी वही आणि पेन्सिल घ्या. पेन अंधारात कधी उमटतं, कधी नाही, ते घरी आल्यावरच कळतं. अक्षर मोठं, एका पानावर एकच नोंद, कारण ओळीवर ओळ चढली की दुसऱ्या दिवशी काहीच लागत नाही. दोन तासांच्या सिनेमाला १५ ते २० नोंदी भरपूर झाल्या. त्याहून जास्त लिहायला लागलात तर पडदा सुटतो.

नोंदीत मत लिहू नका. ‘छान’, ‘कंटाळवाणं’ हे दुसऱ्या दिवशीही आठवतं. आठवत नाही ते दिसलेलं आणि ऐकलेलं: ‘दाराच्या चौकटीतून आई, चेहरा अर्धा’, ‘भांडण चालू असताना शेजारचा रेडिओ’, ‘फोन वाजला, उचलला नाही’. सिनेमा संपल्यावर कुणाशीही बोलण्याआधी २० मिनिटं घ्या आणि नोंदी पूर्ण करा. मित्राचं एक जोरकस वाक्य कानावर पडलं की आपलं मत नकळत त्याच्या बाजूला सरकतं, आणि मग लेखात त्याचंच मत आपल्या नावाने येतं.

घरी पाहत असाल तर तीन मिनिटांचा एखादा प्रसंग निवडा आणि तो आणखी तीनदा बघा. एकदा आवाज बंद करून, एकदा डोळे मिटून फक्त ऐकत, एकदा कट मोजत. आवाज बंद केल्यावर कळतं की अर्थ चित्रात आहे की सगळा संवादांवर टांगलेला आहे. डोळे मिटल्यावर कळतं की पार्श्वसंगीत भावना सांगतंय की कान धरून रडायला लावतंय. आणि कट मोजल्यावर ‘संथ’ आणि ‘वेगवान’ या शब्दांना आकडा मिळतो: तीन मिनिटांत चार कट आणि तीन मिनिटांत साठ कट यांतला फरक वाचकालाही लगेच समजतो.

‘संथ’ म्हणजे नेमकं काय

या एका शब्दाने चांगल्या सिनेमांवर फार अन्याय केला आहे, म्हणून त्यावर जरा थांबू. सिनेमा तीन वेगवेगळ्या कारणांनी संथ वाटतो. एक, शॉट लांब आहेत. दोन, घटना कमी आहेत. तीन, कळलेली गोष्ट पुन्हापुन्हा सांगितली जाते. खरा दोष फक्त तिसरा. पहिले दोन दिग्दर्शकाचे निर्णय आहेत आणि ते निर्णय म्हणूनच तपासायला हवेत.

चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ घ्या. कॅमेरा लांब ठेवलेला, बराच काळ हलत नाही, सत्र न्यायालयाची खोली पूर्ण दिसते. मुख्य खटला एका बाजूला आणि तुमची नजर मागच्या बाकांवर ताटकळणाऱ्या लोकांवर. जवळचा शॉट नाही, त्यामुळे कुणाकडे बघायचं हे कुणी सांगत नाही. तारखेवर तारीख पडण्याचा अनुभव असा तुमच्या अंगावर येतो, तो संवादातून सांगितलेला नाही. शेवटाकडे सुट्टीआधीचं कामकाज संपतं, खोली रिकामी होते, दिवे एकेक करून मालवले जातात, आणि कॅमेरा त्या अंधारात तसाच थांबतो. बहुतेकांना वाटतं सिनेमा संपला. पण तो संपत नाही, पुढे न्यायाधीशांची सहल सुरू होते. ‘शेवट रेंगाळतो’ असं लिहिणाऱ्याने या दोन तुकड्यांचा संबंध काय, हे आधी सांगायला हवं. अंधारातच सिनेमा संपला असता तर आपण एका यंत्रणेवर चिडून घरी गेलो असतो. पुढच्या भागात त्या यंत्रणेला घर आहे, कुटुंब आहे, दुपारची झोप आहे हे दिसतं, आणि चीड ठेवायला सोपी जागा उरत नाही. इतकं मांडूनही शेवट फसला असं वाटलं तर तसं जरूर लिहा. आता त्या मताला वजन आहे.

निरीक्षणातून मताकडे

क्रम असा ठेवा: काय दिसतं, त्याने काय होतं, मग ते जमलं की नाही. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’वर ‘जातवास्तवाचं प्रखर चित्रण’ असं लिहिलं तर वाचकाच्या हाती काहीच पडत नाही. त्याऐवजी शेवटचा भाग उलगडा. शाळकरी जब्याचं कुटुंब शाळेच्या जवळ डुक्कर पकडतंय, वर्गातली मुलं बघून हसतायत, त्याला आवडणारी शालूही बघतेय. डुक्कर टप्प्यात येतं आणि तेवढ्यात शाळेतून राष्ट्रगीत सुरू होतं. जब्या सावधान उभा राहतो, घरचेही थबकतात. राष्ट्रगीत संपेपर्यंत कुणी हलत नाही. डुकराला मात्र हा नियम नाही. पुढे मारलेलं डुक्कर बांबूला बांधून नेताना मागे शाळेची भिंत लागते आणि तिच्यावर बाबासाहेब आंबेडकर, फुले यांची चित्रं आहेत. कुणीही त्यावर एक शब्द बोलत नाही.

आता मत बांधा. या दोन प्रसंगांत देश आणि समतेची शिकवण दोन्ही हजर आहेत, एक आवाजाने, दुसरी रंगाने. आणि दोन्हींच्या समोर हे कुटुंब तिथेच आहे जिथे होतं. दिग्दर्शकाने इथे संवाद घातला असता तर त्याचं भाषण झालं असतं. न घातल्यामुळे जोडणी प्रेक्षकाला करावी लागते, म्हणून ती त्याच्याजवळ राहते. जब्याचा शेवटचा दगड कॅमेऱ्याच्या दिशेने येतो तेव्हा कळतं की मघाशी वर्गातल्या मुलांसोबत आपणही बघे होतो. याच मापाने विरुद्ध मतही मांडता येईल: कुणी म्हणेल भिंतीवरची चित्रं फारच नेमकी जागी आलीत, योजलेली वाटतात. त्याला दृश्याचा आधार आहे, त्यामुळे त्याच्याशी वाद घालता येतो.

जुना सिनेमा: ‘त्या काळाच्या मानाने’ हे शब्द वर्ज्य

ही सूट दिसायला उदार आहे, प्रत्यक्षात ती सिनेमाला कमी लेखते. तिच्याऐवजी विचारा: हाताशी काय साधनं होती आणि त्यांतून काय निवडलं? मराठी बोलपट १९३२मध्ये ‘अयोध्येचा राजा’ने सुरू झाला. अवघ्या पाच वर्षांनी, सगळे पडद्यावर संगीत ओतत असताना, व्ही. शांताराम यांनी ‘कुंकू’त पार्श्वसंगीत वापरलंच नाही, आवाज दृश्यातल्या गोष्टींचे ठेवले. ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरचा हा सिनेमा आहे, फसवून म्हाताऱ्याशी लग्न लावलेल्या नीराचा. भिंतीवरचं जुनं घड्याळ त्या घरात एक पात्रच होऊन बसतं. संगीत नसल्यामुळे घरातली शांतता ऐकू येते आणि नीराचा नकार त्या शांततेवर आदळतो. ‘पार्श्वसंगीताची उणीव जाणवते’ असं लिहिणाऱ्याने निवडीला उणीव समजलं.

कृष्णधवल रंगाचंही असंच. ‘पिंजरा’ १९७२मध्ये रंगीत होता. त्यानंतर सात वर्षांनी आलेला जब्बार पटेलांचा ‘सिंहासन’ कृष्णधवल आहे. म्हणजे काळा-पांढरा दिसला की ‘जुना’ अशी सांगड घालता येत नाही. मंत्रालय, वर्तमानपत्राची कचेरी, कामगार वस्ती या सगळ्यांना एकच करडा रंग मिळाल्याने काय होतं, हे लिहा. ‘सिंहासन’ अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्यांवर आहे, हे एका वाक्यात सांगून पुढे चला. अर्धं परीक्षण पुस्तकाशी तुलना करण्यात घालवणं ही मराठीतली जुनी खोड आहे. पुस्तकात काय होतं यापेक्षा पडद्यावर त्याचं काय झालं, ते महत्त्वाचं.

जुन्या सिनेमातले विचार आज खटकले तर तेही दडपू नका. फक्त तीन गोष्टी वेगळ्या ठेवा: पात्र काय मानतं, सिनेमा काय मानतो, आपण काय मानतो. ‘पिंजरा’त गावाने देवासमान मानलेला मास्तर तमाशातल्या बाईपायी घसरतो. गावाचं मत तर स्पष्टच आहे. पण सिनेमाचं मत शोधायचं असेल तर पाहा, कॅमेरा कुणाच्या दुःखाला जास्त वेळ देतो, गाण्यात कुणाला नुसतं पाहायची वस्तू केलंय आणि कुणाला मन दिलंय. मग दहा वर्षांनी आलेला ‘उंबरठा’ शेजारी ठेवा. स्मिता पाटीलची सुलभा घराबाहेर पडते, तेव्हा सिनेमा तिच्या बाजूला किती वेळ उभा राहतो, हे त्याच मापाने मोजा.

विनोदी सिनेमाला दुय्यम धरू नका

गंभीर सिनेमावर हजार शब्द आणि विनोदी सिनेमावर ‘निखळ करमणूक’ एवढंच, हा भेदभाव आहे. हसू कसं तयार होतं हे सांगायला खरं तर जास्त बारकाई लागते. ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) इतकी वर्षं का टिकली? प्रत्येक प्रसंगात एक तक्ता करा: कुणाला काय माहीत आहे. धनंजय, शंतनू, सुधीर, परशुराम आणि प्रेक्षक यांना सगळं ठाऊक. घरमालकीण लीलाबाईंना सुधीर आणि परशुराम ‘सुधा’ आणि ‘पार्वती’ म्हणून ठाऊक. प्रत्येक नवं माणूस घरात शिरलं की हा तक्ता बदलतो, आणि फुटण्याची भीती आणखी एक पायरी वर चढते. विनोद शब्दांवर असता तर दुसऱ्यांदा फिका पडला असता. इथे तो परिस्थितीत रुजलेला आहे, म्हणून संवाद पाठ असूनही हसू येतं. हाच तक्ता एखाद्या फसलेल्या विनोदी सिनेमाचा करून पाहा. बहुतेक वेळा दिसेल की गुपित पहिल्या वीस मिनिटांत सगळ्यांना कळलंय आणि उरलेला वेळ नट फक्त तोंडं वेडीवाकडी करतायत.

अभिनय आणि बोली

‘दमदार’च्या जागी शरीर लिहा: हात कुठे आहेत, वाक्याआधी किती थांबतो, दुसरा बोलत असताना काय करतो. चांगला नट ऐकताना ओळखू येतो. आवाजावर टीका करताना मात्र ध्वनी जागेवर मुद्रित केलाय की नंतर डब केलाय, हे आधी ओळखा. जुन्या रंगीत सिनेमांत बहुधा नंतर स्टुडिओत संवाद भरले जात, त्यामुळे ओठ आणि शब्द किंचित मागेपुढे होतात आणि शेतातला माणूसही खोलीत बोलल्यासारखा वाटतो. तो दोष नटाच्या माथी मारू नका.

बोलीबद्दल ‘अस्सल ग्रामीण भाषा’ हे लिहूच नका. ग्रामीण भाषा नावाची एक भाषा नाही. ‘सैराट’मधलं बोलणं करमाळ्याकडचं आहे, सोलापुरी वळणाचं. मालवणी, वऱ्हाडी, अहिराणी यांचा कान वेगळा. एखादं पात्र आपल्या घरात एक बोली आणि कचेरीत दुसरी बोलत असेल तर ते टिपा, लेखनाची जाण तिथे दिसते.

लिहायला बसल्यावर

नव्या सिनेमाचं परीक्षण ७०० ते ९०० शब्दांत बसवा. त्यातलं कथानक १२० शब्दांच्या वर जाऊ देऊ नका आणि सिनेमाच्या पहिल्या एक-तृतीयांश भागापलीकडचं काही सांगू नका. शेवटावर बोलल्याशिवाय मत पूर्ण होतच नसेल, जसं ‘सैराट’चं होत नाही, तर पहिल्याच ओळीत तसा इशारा द्या. ‘सैराट’मध्ये पूर्वार्धातल्या वाद्यवृंदाच्या लाटा आणि अखेरचे निःशब्द क्षण यांचा हिशेब मांडल्याशिवाय संगीत चांगलं की वाईट हे ठरत नाही.

पहिल्या परिच्छेदात मत, दुसऱ्यात कथा, मग दोन प्रसंग सविस्तर. पाच प्रसंग वरवर घेण्यापेक्षा दोन खोलात घ्या. न आवडलेल्या सिनेमात जमलेली एक गोष्ट आणि आवडलेल्यात फसलेली एक गोष्ट शोधून लिहा, पण खरोखर सापडली तरच. बळजबरीने घातलेला समतोल वाचकाला लगेच कळतो. तारे द्यायचे असतील तर लेख पूर्ण झाल्यावर द्या. आधी दिले की लेख त्यांची वकिली करत बसतो.

नावं श्रेयनामावलीतून उतरवून घ्या. गाण्यांचा संगीतकार आणि पार्श्वसंगीत देणारा अनेकदा वेगळे असतात, आणि कौतुक चुकीच्या माणसाला गेलं तर खऱ्याचं काम पुसलं जातं. साल लिहिताना कशाचं साल, हे पाहा: प्रमाणपत्राचं, प्रदर्शनाचं की पुरस्काराचं. ‘श्यामची आई’ १९५३चा, त्याला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं १९५४मध्ये. दोन्ही सालं बरोबर आहेत, फक्त त्यांची अदलाबदल होते. जुन्या सिनेमांची शंका उरली तर पुण्यातल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात १९६४पासून जमा झालेल्या जाहिराती, गाण्यांच्या पुस्तिका आणि छायाचित्रं मोलाची आहेत. पूर्वी थिएटराबाहेर विकल्या जाणाऱ्या त्या गाण्यांच्या पुस्तिकेत कलाकारांची नावं, कथासार आणि सगळी गाणी छापलेली असत. तुमच्या प्रतीतून कोणतं गाणं गळलंय, ते तिच्याशी ताडल्यावर पाच मिनिटांत कळतं.

लेख एक रात्र तसाच ठेवा, सकाळी मोठ्याने वाचा, आणि जीभ जिथे अडखळेल ते वाक्य मोडून दोन करा. नंतर कुणी तथ्याची चूक दाखवली तर ती लेखातच, तारीख घालून, दुरुस्त करा. मूळ ओळ गुपचूप बदलू नका.